दम घेण्याचा हक्क

पहाटे साडेपाचच्या सुमारास रंकाळ्याकडून गंगावेशीकडे चालत येणाऱ्या माणसाच्या कानावर आजच्या कोल्हापुरात दोन निरनिराळे आवाज पडतात. पहिला आवाज जुना आहे. तालमीच्या हौद्यात कुणी तरी शड्डू ठोकतो, मांडीवर पडलेल्या त्या थापेचा नाद भिंतींतून बाहेर येतो, आणि त्याच्या मागोमाग जोर मारणाऱ्या पंधरा-वीस पोरांचे एका लयीत चाललेले श्वास ऐकू येतात. दुसरा आवाज अलीकडचा आहे. एखाद्या व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून ढोलासारखे घुमणारे संगीत रस्त्यावर उतरते आणि त्या संगीतावर आपला आवाज चढवून एक तरुण शिक्षक सेकंद मोजीत असतो. आत वीस-पंचवीस स्त्रीपुरुष, ज्यांत बँकेतील कारकून आहेत, शाळेतील बाई आहेत, फौंड्रीचे मालक आहेत आणि नुकतीच कॉलेजात गेलेली मुले आहेत, चाळीस सेकंद उड्या मारतात, वीस सेकंद थांबतात, पुन्हा बैठका घालतात, पुन्हा थांबतात, जमिनीवर झेपावून पुन्हा उभे राहतात, आणि पाऊण तासाने घामाने निथळत, पण चेहऱ्यावर एक प्रकारची कृतार्थता घेऊन, जिना उतरून आपापल्या कामाला लागतात.

या दोन आवाजांच्या धन्यांना एकमेकांविषयी फारसा आदर नाही. तालमीत वाढलेल्या जुन्या माणसाला वरच्या मजल्यावरचा तो प्रकार मातीशी नाते तुटलेला आणि पैसे मोजून घाम विकत घेण्याचा उद्योग वाटतो. उलट वरच्या मजल्यावरील तरुणाला तालीम ही कुस्तीगिरांपुरती उरलेली, गतकाळाची वास्तू वाटते. मला दोघांचेही म्हणणे पटत नाही. वेळ थोडा, पण श्रम शरीरसामर्थ्याच्या जवळजवळ सीमेपर्यंत नेणारे, आणि तेही एकट्याने न करता समूहाच्या संगतीत करावयाचे, हे जर या नव्या व्यायामाचे लक्षण असेल, तर कोल्हापूरच्या तालमी गेली शंभरांहून अधिक वर्षे दुसरे काय करीत आल्या आहेत? म्हणून या व्यायामाचे गुणदोष तोलावयाचे झाल्यास तराजू परमुलखातून आणण्याचे कारण नाही; तो आपल्याच पेठेत टांगलेला आहे.

आधी शब्दाकडे पाहू. कुस्ती, पैलवान, वस्ताद, खुराक हे सगळे शब्द आपल्याकडे फारसीतून आले, आणि ‘तालीम’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्याच वाटेने दख्खनेत उतरला. शक्ती किंवा व्यायाम असा त्याचा मूळ अर्थ नाही. त्याचा अर्थ शिकवण. जिथे शिकवले जाते ती तालीम आणि जो शिकवतो तो वस्ताद, असा हा साधा हिशेब आहे. कोल्हापुरात मात्र या शब्दाला आपलेपणाचाही एक अर्थ चिकटला, इतका की पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावे आज शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या संघांची म्हणून गाजतात आणि पेठेतला पोर जन्माला येतो तोच जणू कोणत्या तरी तालमीचा होऊन येतो. शिकवण आणि संगत, हे या शब्दाचे दोन्ही अर्थ वाचकांनी ध्यानात ठेवावेत, कारण पुढील सर्व विवेचन त्यांच्याच भोवती फिरणार आहे.

राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतल्यानंतर मल्लविद्येला जो आश्रय दिला त्याची हकीकत सर्वश्रुत आहे. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त ते विलायतेस गेले असता रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्याच धर्तीवर बांधलेले खासबाग मैदान १९१२ साली पुरे झाले: मध्यभागी हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, जेणेकरून शेवटच्या रांगेतील शेतकऱ्याच्याही नजरेतून एकही डाव निसटू नये. पण खासबाग हे निकालाचे स्थान होय; मेहनतीचे स्थान मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम अशा तालमींत. तिथे पहाटे उठून आधी हौदा खणावयाचा, तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेली ती लाल माती फावड्याने उलथीपालथी करावयाची. मग जोर, बैठका, सपाट्या, दोर चढणे. आणि मग लढत. लढतीत दोन-चार मिनिटे जिवाच्या आकांताने झुंजावयाचे, मग बाजूला होऊन अंगाला माती चोळीत उभे राहावयाचे, श्वास खाली बसला की वस्ताद नजरेने खुणावील त्या दुसऱ्या गड्याला भिडावयाचे. श्रम आणि विराम यांची अशी आवर्तने तास-दोन तास चालत. या पद्धतीला आपल्याकडे निराळे नाव नव्हते. तिला नुसते ‘मेहनत’ म्हणत.

नाव मिळाले ते युरोपात. १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे वोल्डेमार गेर्शलर हा धावण्याचा प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हा हृदयवैद्य या दोघांनी मिळून एक सिद्धान्त मांडला. धावपटूने थोडे अंतर इतक्या वेगाने तोडावे की नाडी मिनिटाला १८० पर्यंत चढावी. मग थांबावे, आणि ती १२० पर्यंत उतरली की पुन्हा धाव घ्यावी. दीड मिनिटात ती तितकी उतरली नाही तर श्रम मर्यादेबाहेर गेले असे समजून वेग किंवा अंतर कमी करावे. त्यांच्या मते हृदयाचे बळ वाढते ते या विरामाच्या अवधीत, आणि म्हणून ‘इंटरव्हल’ हे पद्धतीचे नाव त्यांनी विरामावरूनच घेतले. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ४६.६ सेकंदांत तोडले आणि तो विक्रम सोळा वर्षे अबाधित राहिला. पुढे १९९६ साली जपानात इझुमी ताबाता यांनी, तिथल्या वेगवान स्केटिंगच्या खेळाडूंना त्यांचे प्रशिक्षक देत असलेल्या व्यायामाचाच आधार घेऊन, वीस सेकंद परमावधीचे श्रम आणि दहा सेकंद विश्रांती अशी सात-आठ आवर्तने तरुण खेळाडूंकडून सहा आठवडे करवून घेतली. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १४ टक्क्यांनी वाढली आणि प्राणवायूच्या पुरवठ्यापलीकडचे, क्षणिक पण प्रखर असे जे सामर्थ्य असते ते २८ टक्क्यांनी वाढले. तासभर मध्यम श्रमाने सायकल चालविणाऱ्या दुसऱ्या गटात पहिली क्षमता वाढली, दुसरी मुळीच नाही.

हे आकडे मी मुद्दाम देतो, कारण तीव्र व्यायामाचा लाभ हा जाहिरातदारांनी उठवलेला डांगोरा आहे असे मानणाऱ्या माझ्या काही जुन्या स्नेह्यांची खातरजमा व्हावी. लाभ खरा आहे, आणि आजच्या शहरी माणसाला तो विशेष मोलाचा आहे. ज्याचे दिवसाचे दहा तास खुर्चीवर जातात, ज्याच्या आजोबांना शेतावर जाण्यायेण्यात जी चाल घडत असे ती ज्याला घडत नाही, त्याला आठवड्यातून तीन वेळा पाऊण तास मिळणे हीच मोठी मिळकत. एवढ्या वेळात हृदय, फुप्फुसे आणि मांड्या यांना पुरेसे काम मिळावयाचे तर ते काम प्रखरच असावे लागते. नॉर्वेतील तीन हृदयरोग-पुनर्वसन केंद्रांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे पावणेदोन लाख तासांच्या व्यायामाचा हिशेब मांडला होता. त्यात हृदयविकार झालेल्या रुग्णांनी देखरेखीखाली केलेल्या तीव्र व्यायामाच्या ४६,३६४ तासांत हृदय बंद पडण्याचे दोन प्रसंग आले आणि दोन्ही रुग्ण वाचले. या वाक्यातील ‘देखरेखीखाली’ हा शब्द विसरता कामा नये.

आता संगतीचा विचार करू. एकट्याने ठरवलेला व्यायाम किती दिवस टिकतो हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारून पाहावे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार आरंभिला तेव्हा ग्रंथ लिहून ते थांबले नाहीत. संस्थानच्या शाळांतून मुलांनी ओळीने उभे राहून नमस्कार घालावेत असा शिरस्ता त्यांनी घालून दिला. रांगेतला शेजारी वाकतो म्हणून आपण वाकतो, हे त्यांना ठाऊक होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून जे कार्य केले, ज्याची प्रात्यक्षिके १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत पोचली, तेही सांघिक व्यायामाच्याच जोरावर. या अनुभवाला शास्त्राचाही आधार आहे. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन अभ्यासकाने १८९८ साली दाखवून दिले की सायकलस्वार एकटा असताना जितका वेग गाठतो त्याहून अधिक तो इतरांच्या सोबत गाठतो. २०१० साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नावाड्यांवर एक प्रयोग झाला: तेच वल्हवणे, तितकाच वेळ, एकदा एकेकट्याने आणि एकदा सर्वांनी मिळून. मिळून वल्हविल्यानंतर त्यांची वेदना सहन करण्याची शक्ती एकट्याने वल्हविल्यापेक्षा स्पष्टपणे अधिक आढळली. एका तालात, एका श्वासात श्रम करणाऱ्या माणसांना दुःख कमी जाणवते. मोटेवर, जात्यावर, पालखीपुढे गाणाऱ्या आपल्या लोकांना हे नव्याने सांगावयास नको.

माझी एक पुतणी आहे. वय चाळिशीच्या आत, नोकरी बँकेत, घरी दोन मुले आणि सासूबाई. तीन वर्षांपूर्वी तिला जिना चढताना दम लागे आणि संध्याकाळी तिचा स्वभाव इतका कातावलेला असे की मुले तिच्यापासून दूर राहत. राजारामपुरीतील अशाच एका वर्गाला ती जाऊ लागली. सहा महिन्यांनी ती मला म्हणाली, “काका, लग्नानंतर पहिल्यांदाच मला स्वतःच्या अंगाचा अभिमान वाटतोय.” हे वाक्य ऐकून मी बराच वेळ गप्प राहिलो. आमच्या तालमींनी हे वाक्य कुणा स्त्रीच्या तोंडून शंभर वर्षांत ऐकलेले नव्हते, कारण तालमीचा उंबरा स्त्रीने ओलांडावयाचा नाही अशी वहिवाट होती. आज मुलींनी कुस्तीत नाव काढले आहे आणि ती वहिवाट मोडत आहे; पण जिला मल्ल व्हावयाचे नाही, केवळ निरोगी राहावयाचे आहे, तिला या नव्या वर्गांनीच प्रथम जागा दिली. हे श्रेय त्यांना मनःपूर्वक दिलेच पाहिजे. पेठ, जात, वय, घराणे यांची विचारपूस न करता दार उघडणारी ही संस्था आहे.

आणि तरीही मला या वर्गांची धास्ती वाटते. ती कशामुळे, हे सांगण्यासाठी पुन्हा त्या नावाड्यांकडे वळतो. संगतीत वेदना कमी जाणवते हा जसा लाभ आहे तसाच तो धोका आहे, कारण वेदना ही शरीराच्या वेशीवरची चौकीदार आहे आणि समूह त्या चौकीदाराला झोपवितो. ट्रिप्लेटच्याच निबंधाचा दुसरा अर्धा भाग लोक सहसा वाचत नाहीत. त्याने चाळीस मुलांना रीळ फिरविण्याचे काम एकदा एकेकट्याने आणि एकदा जोडीने दिले. वीस मुलांचे काम जोडीने सुधारले. दहांवर विशेष परिणाम झाला नाही. पण उरलेली दहा मुले चढाओढीने इतकी उत्तेजित झाली की त्यांचे काम बिघडले. ज्या पंचवीस जणांच्या वर्गाला एकच संगीत, एकच घड्याळ आणि एकच हुकूम आहे, त्यातल्या अशा बिघडणाऱ्या माणसांकडे कोण पाहते?

माझ्या शेजारच्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. तो ज्या वर्गाला गेला त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. शाळेत असताना तो उत्तम खेळाडू होता, मग चार वर्षे नोकरीच्या रगाड्यात व्यायाम सुटला. वर्गाच्या पहिल्याच दिवशी, शेजारी थांबत नाही म्हणून हाही थांबला नाही, आणि तीनशेंच्या घरात बैठका घालून आला. दुसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या झाल्या, तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली. रुग्णालयात चार-पाच दिवस शिरेतून पाणी चढविल्यावर मूत्रपिंडे वाचली. या विकाराला वैद्यकात ‘रॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात: अतिश्रमाने स्नायूंचे तंतू फुटतात, त्यांतले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि ते गाळता गाळता मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. १९४१ साली लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या लोकांत एरिक बायवॉटर्स यांनी ज्या मूत्रपिंडविकाराचे वर्णन केले त्याच जातीचा हा प्रकार. फरक इतकाच की इथे ढिगारा माणूस स्वतःच्या अंगावर स्वतः ओढून घेतो. त्याला बळी पडतो तो बहुधा अगदी दुबळा मनुष्य नसतो, कारण दुबळ्याला तितके करताच येत नाही. बळी पडतो तो एकेकाळी बळकट असलेला, मनाने अजून तसाच राहिलेला, पण ज्याच्या स्नायूंची सवय मोडली आहे असा माणूस.

हृदयाचीही गोष्ट अशीच आहे. १९९३ साली अमेरिकेत हृदयविकाराचा झटका आलेल्या बाराशेंहून अधिक रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली, तीत असे आढळले की अतिश्रमानंतरच्या एका तासात झटका येण्याचा संभव आठवड्यातून पाच वा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत अवघा २.४ पट वाढतो, तर ज्यांना आठवड्यातून एकदाही श्रमाची सवय नाही त्यांच्यात तो १०७ पट वाढतो. एकूण संभव लहानच असतो, हे मान्य. भेदरून जाण्याचे कारण नाही. पण एकाच खोलीत, एकाच तालावर, शेजारी शेजारी उड्या मारणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला जे औषध आहे ते दुसऱ्याला अपथ्य असू शकते, आणि तो भेद बाहेरून दिसत नाही. आपल्या आयुर्वेदातील वाग्भटाने बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्या पुरुषानेसुद्धा हिवाळ्यात व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहूनही कमी, असे सांगून ठेवले आहे; आणि अतिसाहस करणाऱ्याला हत्ती ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. सिंहाला आपले बळ ठाऊक असते, पण हत्तीचे वजन त्याच्या हिशेबात नसते.

इथे मला हेलसिंकीची आठवण येते. १९५२ सालच्या ऑलिंपिकमध्ये दोन माणसे होती. एक चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झातोपेक: चारशे-चारशे मीटरच्या असंख्य धावा आणि मधले थोडे सावकाश धावणे, या आवर्तनांवर स्वतःला घडविलेला, आणि त्या एका स्पर्धेत ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके जिंकणारा. दुसरे आमचे मल्ल खाशाबा जाधव: कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकलेले. त्यांना हेलसिंकीस पाठविण्यासाठी तिथल्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले आणि ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. पण त्या पदकामागे एक शल्य आहे. जपानच्या शोहाची इशीशी प्रदीर्घ झुंज झाल्यावर त्यांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढावयास बोलावले गेले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यावी असा नियम होता. तो नियम दाखवून दाद मागण्यासाठी त्या घटकेला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा मॅटवर चढले आणि ती कुस्ती हरले. सुवर्ण इशीला आणि रौप्य मामेदबेकोव्हला मिळाले.

मी जेव्हा जेव्हा हा प्रसंग आठवतो तेव्हा तेव्हा माझे मन खर्डेकरांच्या त्या घरापाशी आणि अधिकाऱ्याच्या त्या रिकाम्या खुर्चीपाशी घुटमळते. शिष्याला मैदानापर्यंत पोचविण्यासाठी एका माणसाने घर गहाण टाकले. मैदानावर त्याच्या अर्ध्या तासाची वकिली करावयास मात्र कुणी नव्हते. खाशाबा स्वतः का बोलले नाहीत, असे कुणी विचारील. झुंजीच्या ऐन तापात असलेला मल्ल ‘मला थांबू द्या’ असे म्हणत नाही. ते त्याने म्हणूही नये. त्याची सगळी घडण तसे न म्हणण्याची असते. म्हणूनच ते म्हणणारा दुसरा कुणी तरी लागतो. माझ्या मते तीव्र सामूहिक व्यायामाच्या साऱ्या वादाचे मर्म याच ठिकाणी आहे. तीव्रता हितकर आहे, संगत तर त्याहून हितकर आहे, पण दोन्ही एकत्र आल्या की माणसाची थांबण्याची शक्ती नाहीशी होते. तेव्हा प्रत्येकाच्या विश्रांतीची मुखत्यारी ज्याच्याकडे आहे असा जाणता माणूस तिथे उभा असेल तरच हा व्यायाम करावा, एरवी करू नये.

तालमीत असा माणूस वस्ताद असे. नवा पोर आला की पहिले काही महिने त्याला लढत नाही: त्याने हौदा खणावा, थोरल्यांचे अंग रगडावे, मोजके जोर-बैठका काढाव्यात. लोकांना ही नुसती सेवा वाटते. पण स्नायूंना एकदा हलक्या श्रमाची ओळख झाली की पुढील काही आठवडे ते तशाच श्रमाने फुटत नाहीत, हे आज शरीरशास्त्राने सिद्ध केले आहे, आणि त्या पोराच्या हाती फावडे देणाऱ्या वस्तादाला हे ज्ञान पिढ्यांच्या अनुभवातून आलेले होते. पोर रात्री झोपला की नाही, गावाकडून आलेल्या बापाशी त्याचे काही वाजले की काय, दूध प्यायला आज दूधकट्ट्यावर गेला की नाही, हे सगळे त्याला ठाऊक असे. हौद्यातून बाहेर येताना पाऊल कसे पडते, ओठांचा रंग काय आहे, कुणाची जोड कुणाशी लावावी आणि आज कुणाशी मुळीच लावू नये, याचा निर्णय त्याची नजर देई.

तालमीचे मी गुणगान करीत असलो तरी तिच्या दोषांवर पांघरूण घालणार नाही. वस्तादाच्या शब्दाला अपील नव्हते, त्यामुळे वस्ताद अज्ञानी किंवा हट्टी निघाला तर शेकडो पोरांचे गुडघे आणि खांदे त्याच्या हट्टापायी गेले. दुखणे लपविणे हे पुरुषार्थाचे लक्षण मानले गेले. मेहनत सुटल्यावर खुराक सुटला नाही, म्हणून किती तरी नामांकित देह उत्तरायुष्यात स्थूलता आणि मधुमेह यांनी पोखरले. शिवाय ज्यांनी तालीम सोडली, जे मोडले, जे परत गावी जाऊन मुकाट्याने शेताला लागले, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. फोटो लागले ते टिकलेल्यांचे. म्हणून नव्या वर्गांनी तालमीचे अनुकरण करावे असे मी म्हणत नाही. तिच्यातला एक माणूस मात्र त्यांनी उचलावा.

तो उचलायचा तर काय करावे लागेल? पंचवीस जणांमागे एक शिक्षक ही व्यवस्था मोडावी लागेल. दहा-बारांच्या पलीकडे एका नजरेत माणसे मावत नाहीत. नव्याने येणाऱ्याला पहिले तीन आठवडे अर्ध्या प्रमाणातच व्यायाम देण्याची सक्त ताकीद असावी, आणि तो पूर्वीचा खेळाडू असेल तर ती अधिकच सक्त असावी. चाळिशीपुढील माणसाचा आजार, औषधे, घराण्यातील हृदयविकार यांची विचारपूस झाल्याखेरीज त्याला रुजू करून घेऊ नये. विश्रांतीच्या वेळी संगीत बंद व्हावे, म्हणजे श्वास ऐकू येईल आणि कुणाला काही सांगावयाचे असल्यास सांगता येईल. नाडी मोजण्याची फ्रायबुर्गची साधी रीत प्रत्येकाला शिकवावी, तिला यंत्र लागत नाही, दोन बोटे आणि भिंतीवरचे घड्याळ पुरते. आणि भिंतीवर कुणी किती मिनिटांत किती केले याची जी उतरंड लिहिली जाते ती पुसून टाकावी. ज्याला चढाओढ हवी त्याच्यासाठी मैदाने आहेत. आरोग्यासाठी आलेल्या बाईमाणसाला रोज सकाळी निकाल ऐकविण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. प्रौढ माणसांना आपले हित कळते, त्यांना थांबावयाचे असेल तेव्हा थांबण्यास कोण अडवते, शिक्षकाला एवढी मुखत्यारी देणे म्हणजे तालमीतली जुनी सरंजामशाही नव्या इमारतीत आणणे नव्हे काय, असे हा आक्षेप विचारतो. स्वातंत्र्य मलाही प्रिय आहे. पण ज्या समूहाच्या बळावर हा व्यायाम चालतो, ज्याच्यासाठी माणूस घरच्या गच्चीवर एकटा उड्या न मारता शुल्क भरून इथे येतो, तो समूह त्याचे स्वातंत्र्य काही काळ आपल्या हाती घेतो, आणि त्याचसाठी त्याला मोल आहे. माझी पुतणी मला सांगते की विसाव्या मिनिटाला तिला जर कुणी विचारले की थांबावयाचे आहे का, तर ती नाही म्हणेल. आणि सांगणारा जर म्हणाला की ताई, आता बसा, तर ती बसेल आणि मनातून त्याचे आभार मानील. जो समूह ढकलण्याचे काम करतो त्याने आवरण्याचेही काम कुणाकडे तरी सोपवले पाहिजे. वस्तादाचा जुना अनिर्बंध हुकूम मला नको आहे. फक्त ‘आज पुरे’ एवढे दोन शब्द उच्चारण्याचा अधिकार आणि ते उच्चारण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी असावे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे. दहा जणांमागे एक जाणता शिक्षक ठेवायचा तर शुल्क वाढेल आणि बँकेतील कारकुनाला ते परवडणार नाही. हे खरे आहे, आणि यावरचा उपाय माझ्या मते कोल्हापूरच्याच हाती आहे. पेठोपेठी तालीम मंडळांच्या इमारती आहेत, त्यांतल्या कित्येक दिवसातून बहुतेक वेळ रिकाम्या असतात. ज्यांचे लढण्याचे वय सरले आहे पण नजर शाबूत आहे असे मल्ल गावोगाव आहेत, ज्यांना उदरनिर्वाहासाठी राखणदारी करावी लागते. त्यांना शरीरशास्त्राचे आणि प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण द्यावे, शिवाजी विद्यापीठाने किंवा महापालिकेने त्याची तजवीज करावी, आणि त्याच इमारतींत सकाळ-संध्याकाळ स्त्रीपुरुषांचे वर्ग भरावेत. जागा आहे, माणूस आहे, नावही आहे.

गेल्या माघात एका पहाटे मी ओळखीच्या तालमीत जाऊन कट्ट्यावर बसलो होतो. चौदा-पंधरा वर्षांचा एक पोर दोन लढती करून तिसऱ्याला भिडण्यासाठी पुढे सरसावला. वस्तादांनी काही न बोलता त्याचे मनगट धरले, क्षणभर बोटे नाडीवर ठेवली आणि म्हणाले, “बस जरा. दम खा.” पोर हौद्याच्या काठावर बसला. त्याच्या छातीचा भाता वरखाली होत होता, तो ओंजळीने माती घेऊन दंडांवर चोळीत होता आणि त्याची नजर हौद्यातल्या दोघांवरून हलत नव्हती. पलीकडच्या इमारतीत संगीत सुरू झाले. वस्ताद दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. बोलता बोलता त्यांनी मागे न पाहता एक बोट वर केले, आणि पोर शड्डू ठोकून पुन्हा मातीत उतरला.